बशीवरून टोपी बेतताना

वाडगा पालथा घातला की टोपी झाली. काठ तोच, घेर तोच, पोट तेच; फक्त बूड वर येतं. एवढी साधी गोष्ट कळायला मला एक अख्खी टोपी वाया घालवावी लागली.

झालं असं. आमच्या बेळगावच्या शहापुरातल्या घरी निळ्या नक्षीची एक जुनी विलायती बशी होती. ‘विलो’ म्हणतात त्या नक्षीला: झुकलेलं झाड, पूल, पुलावर तीन माणसं, वर आभाळात समोरासमोर दोन पक्षी. चिनी वाटावी म्हणून इंग्लंडमधल्या कारखान्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बेतलेली आणि पुढे जगभर छापली गेलेली ही नक्षी. मी सबंध बशी मोठी करून पांढऱ्या कापडावर रंगवली, मधोमध डोक्यासाठी भोक पाडलं आणि टोपी उभी केली. निपाणीहून आत्ती आली होती. तिने ती हातात घेऊन गोल फिरवली आणि म्हणाली, “झालीया छान गं. पण पुलावरची माणसं गेली कुठं?”

माणसं डोक्यात गेली होती, दोन्ही अर्थांनी. पूल गेला, घर गेलं, झाडाची शेंडी आणि पक्ष्यांच्या शेपट्या तेवढ्या उरल्या. धड उरली ती काठावरची बारीक किनार. आणि खरं सांगायचं तर टोपीवर शोभत होती तीच.

तेव्हापासून मी शिकायला येणाऱ्या मुलींना पहिल्या दिवशी हेच सांगते: भांड्यावरचं चित्र उचलू नका, भांड्याची शिस्त उचला. कुठे भरायचं आणि कुठे मोकळं सोडायचं, काठ कुठे संपतो, खांदा कुठे वळतो, हे जुन्या कुंभारांनी आणि चितारणाऱ्यांनी शेकडो वर्षं घासूनपुसून ठरवलेलं आहे. ते आयतं मिळत असताना नुसती फुलं कशाला चोरायची?

हा लेख ज्यांना ब्लाउज शिवता येतो, उरेब पट्टी कापता येते, पण टोपी कधी बेतलेली नाही त्यांच्यासाठी आहे. आमच्याकडे टोपी म्हटलं की गांधी टोपी, नाहीतर लेकराचं टोपडं आणि कुंची. काठाची हॅट म्हणजे गोव्याला जाताना घ्यायची वस्तू. पण शिवणकामाच्या दृष्टीने ती ब्लाउजपेक्षा सोपी आहे. बाही नाही, कटोरी नाही. गणित मात्र चोख लागतं.

आधी एकच भांडं निवडा

एकच. पाच फोटो एकत्र करून बेतलेली टोपी वाढदिवसाच्या केकसारखी दिसते.

बघायला लांब जायची गरज नाही. लोणच्याची बरणी घरोघरी आहे: वर तपकिरी, खाली पांढुरकी, मान आखूड, खांदा गोल. खानापूरला खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी संस्था आहे. तिथल्या तांबड्या मातीच्या भांड्यांवर रंगीत नक्षी नसते, पण आकार शिकायला त्याहून चांगली जागा नाही. (माती तांबडी भाजते ती तिच्यातल्या लोहामुळे.) नक्षी हवी असेल तर विजापूरला गोल घुमटासमोरच्या नगारखान्यातल्या संग्रहालयात जुनी चिनी भांडी बघा. बिदरला महमूद गवानचा मदरसा बघा. १४७२ मध्ये बांधलेल्या या इमारतीच्या मिनारावर इकडून तिकडे मोडत जाणाऱ्या रंगीत कौलांच्या पट्ट्या आहेत. १६९६ च्या स्फोटात इमारतीचा मोठा भाग पडला, तरी उरलेल्या मिनारावरून एक टोपी सहज निघते. ती कशी, ते पुढे सांगते. तिथल्या पट्ट्यांवरची अक्षरं मात्र टोपीवर घेऊ नका. ती कुराणातली आहेत, डोक्यावर मिरवायची नक्षी नव्हे.

चोर्ल्याच्या घाटाने उतरलात तर पणजीला मेनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दालनात निळ्या-पांढऱ्या फरशांची भिंतभर चित्रं आहेत, १९३५ मधली. या फरशांना ‘अझुलेजो’ म्हणतात. पोर्तुगीजमध्ये निळ्याला ‘अझुल’ म्हणतात, त्यामुळे नाव रंगावरून पडलं असं सगळ्यांना वाटतं, पण ते आलंय अरबी ‘अल-झुलैज’वरून, म्हणजे घासून गुळगुळीत केलेला दगड. मला ही गोष्ट आवडते, कारण टोपी करताना तोच क्रम ठेवायचा असतो: आधी पृष्ठभाग, मग रंग.

आणि एक जागा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. जुन्या वाड्यांतली तुळशीवृंदावनं. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात जपानहून उठावाच्या नक्षीच्या झिलईदार फरशा आपल्या देशात भरपूर आल्या आणि वाड्यांच्या ओट्यांना, वृंदावनांना बसल्या. आत्तीच्या निपाणीच्या घरच्या वृंदावनाला अशाच आहेत: मध्ये गुलाब, चार कोपऱ्यांत पानं, हिरव्या आणि गुलाबी झिलईच्या मध्ये उभी राहिलेली मातीची बारीक रेघ. त्या रेघेमुळे भट्टीत वितळलेला एक रंग दुसऱ्यात मिसळत नाही. पातळ कागद फरशीवर धरून मेणाचा खडू आडवा घासला की ती रेघ जशीच्या तशी कागदावर उतरते. पाच मिनिटांचं काम. फक्त घरच्यांना विचारून करा, आणि कुणी वाडा पाडत असेल तर “फरशा काढून द्या” म्हणून मागे लागू नका. ठसा पुरतो.

भांडं पालथं घालून बघा

वहीत भांड्याचं चित्र काढा. मग वही उलटी फिरवा. जो आकार दिसतो त्यातून टोपीचा माथा ठरतो. बरणी उलटी केली की खांदा खाली येतो आणि तोंड काठाला मिळतं. त्यातून कपाळाजवळ आवळलेला, वर किंचित फुगलेला माथा निघतो. सरळ उभ्या पेल्यातून सपाट माथ्याची टोपी निघते. पसरट वाडग्यातून डोक्याला बिलगणारी गोल टोपी. पहिल्या खेपेला सरळ उभा पेला घ्या. फुगीर माथ्याला लाकडी कलबूत, म्हणजे डोक्याच्या आकाराचा ठोकळा लागतो, वाफ लागते, आणि ते कुणाच्या शेजारी बसून शिकायचं काम आहे.

आता नक्षीकडे. प्रत्येक जुन्या परंपरेचा एकेक कायदा असतो, आणि तो कायदा टोपीच्या कुठल्यातरी एकाच भागाला फिट बसतो.

काठाला सगळ्यात जवळची म्हणजे ‘क्राक’ नावाची चिनी ताटं, सोळाव्या शतकाच्या अखेरची आणि सतराव्याच्या सुरुवातीची. पोर्तुगीज ती जहाजं भरभरून युरोपला नेत. १६०३ मध्ये डचांनी सिंगापूरजवळ ‘सांता कातारिना’ हे पोर्तुगीज जहाज पकडलं आणि त्यातला माल ॲमस्टरडॅमला लिलावात विकला. त्यानंतर तिकडे या भांड्यांचं वेड पसरलं. या ताटांचा काठ मधून बाहेर जाणाऱ्या फाकांमध्ये वाटलेला असतो: एक रुंद फाक, एक अरुंद फाक, परत रुंद. रुंद फाकेत फूल किंवा फळ, अरुंदीत लोंबती दोरी किंवा गाठ. संत्र सोलून ठेवल्यासारखं. टोपीचा काठ बेतायला याहून सोयीचं काही नाही, कारण काठही आतून अरुंद आणि बाहेरून रुंद असतो.

हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या फरशांचं तंत्र वेगळं. ती फरशी साधारण १३ सेंटीमीटरची चौकोनी, मध्ये एखादं छोटं जहाज नाहीतर मुलगा, आणि चारही कोपऱ्यांत अर्धवट वाटणारी बारीक नक्षी. चार फरशा शेजारी लावल्या की ते चार कोपरे मिळून एक पूर्ण फूल होतं. हे टोपीच्या उभ्या पट्टीला चालतं: शिवणीवर अर्धं फूल ठेवा, दुसऱ्या टोकाला उरलेलं अर्धं. शिवण दिसतच नाही.

इझनिकच्या सोळाव्या शतकातल्या तुर्की फरशांवरचा लाल रंग बोट फिरवलं की उंच लागतो. लोहयुक्त मातीचा तो थर जाड असतो, त्यामुळे इतर रंगांपेक्षा वर उठलेला दिसतो. म्हणजे टोपीवर लाल फक्त रंगवून भागणार नाही. खाली दोऱ्याचं भरण घालून वरून टाका घ्यायला हवा. आणि वेजवूड या इंग्लिश कारखान्याची ‘जास्पर’ नावाची निळी भांडी घ्या, १७७० च्या दशकातली, झिलईच नसलेली: पांढऱ्या मातीच्या आकृत्या वेगळ्या साच्यात दाबून मग निळ्या भांड्यावर चिकटवलेल्या. हे पाहिलं की नमदा (लोकर दाबून केलेलं जाड कापड) आणि कापून लावलेले तुकडे आठवायला हवेत. जी कृती मातीत झाली, तिचा भाऊबंद शिलाईत शोधायचा. रंगवलेलं असेल तर रंगवा, उठलेलं असेल तर भरा, चिकटवलेलं असेल तर कापून लावा.

कागदाची टोपी

इथे घाई करू नका. कापडाला कात्री लावण्याआधी लग्नपत्रिकांच्या जाड कागदाची टोपी झाली पाहिजे. पत्रिका आपल्याकडे कमी नाहीत.

कपाळाच्या मध्यापासून कानांच्या वरून, मागे डोक्याचा उंचवटा धरून टेप फिरवा. समजा ५७ सेंटीमीटर आलं. त्यात १ सेंटीमीटर सैल धरा: ५८. आता नवशिके करतात ती चूक: ५८ चं वर्तुळ काढणं. डोकं गोल नसतं, लांबट असतं. ५८ साठी २० सेंटीमीटर लांब आणि १७ सेंटीमीटर रुंद असा लंबगोल काढा. दोन खिळे आणि दोऱ्याचा फास घेऊन शाळेत काढायचो तसा. त्यावर टेप उभी धरून मोजा, ५८ च्या आसपास यायला हवं.

याच लंबगोलाने माथ्याचं झाकण होतं. उभी पट्टी ५८ लांब आणि ९ उंच. काठ ७ सेंटीमीटरचा धरला तर बाहेरचा लंबगोल ३४ बाय ३१. प्रत्येक तुकड्याला शिलाईसाठी सव्वा सेंटीमीटर जास्त सोडा, आणि काठाच्या आतल्या भोकाला तेवढंच आतल्या बाजूला सोडून खाचा द्या. त्या खाचांच्या पाकळ्या वर वळवून पट्टीला जोडायच्या.

असा काठ ताटासारखा सपाट येतो. सपाट काठ चेहऱ्यावर बोर्डासारखा वाटतो, त्याला थोडा उतार हवा. काठ मागच्या बाजूला बाहेरून आतपर्यंत सरळ कापा आणि बाहेरच्या टोकाला ३ सेंटीमीटर एकावर एक चढवा, आतल्या टोकाला काहीच नाही. डोक्याचा घेर ५८ च राहतो, काठ खाली झुकतो. घालून आरशात बघा, मग बाजूने कुणालातरी फोटो काढायला सांगा. समोरून बरी दिसणारी टोपी बाजूने बादली दिसते, हे आरसा सांगत नाही.

नक्षीचं गणित उतार दिल्यानंतरच करायचं. सपाट असताना बाहेरचा घेर साधारण १०२ सेंटीमीटर होता. आता ९९ उरला. क्राकच्या ताटासारख्या १२ फाका पाडल्या तर एक फाक बाहेर सव्वाआठ सेंटीमीटर आणि आत जेमतेम पावणेपाच. त्या आकाराची एक फाक वेगळी कापून घ्या आणि तिच्यातच फूल बसवा. चौकोनात काढलेलं फूल नंतर फाकेत कोंबलं की आतल्या बाजूला पाकळ्यांची चेंगराचेंगरी होते. रुंद-अरुंद हवं असेल तर सहा रुंद, सहा अरुंद; बेरीज ९९ आली म्हणजे झालं. आणि कपाळाच्या मधोमध रुंद फाक आली पाहिजे. माझ्या एका विद्यार्थिनीने मागून मोजायला सुरुवात केली आणि कपाळावर बरोब्बर फाकांमधली रेघ आली. मधोमध भांग पाडल्यासारखी. ते कुणाला बोललं नाही तर चालतं, पण दिसतं.

मोकळी जागा आणि पांढरा

जुन्या निळ्या-पांढऱ्या भांड्यांत निळ्याइतकंच काम पांढरा करतो. आणि तो पांढरा एकसारखा नसतो. चिनी पोर्सेलिनचा पांढरा थोडा निळसर, कथलाच्या झिलईचा डेल्फ्टचा पांढरा दुधासारखा दाट, आपल्या बरणीचा मळकट पिवळसर. दुकानातलं नीळ दिलेलं लख्ख पांढरं पॉपलिन यातल्या कशाशीच जुळत नाही. डेल्फ्टसाठी धुतलेली खादी घ्या, बरणीसाठी मांजरपाट. मी कापड निवडताना खिशात बशीचा तुटका तुकडा ठेवते आणि दुकानाबाहेर उन्हात नेऊन लावून बघते. खडे बाजारातल्या दुकानदारांना आता सवय झालीय.

निळे तीन घ्या. भांड्यांवरचा निळा कोबाल्टचा असतो आणि तो भट्टीची दाहक आच सोसतो, म्हणून चीनपासून हॉलंडपर्यंत सगळीकडे निळाच दिसतो. पण झिलईत तो थोडा पसरतो. जवळून बघितलं तर रेघ गडद असते, तिच्या कडेला फिकट सावली असते आणि आतला भाग पाणी घातलेल्या शाईसारखा असतो. एकाच निळ्या दोऱ्याने भरलेलं फूल शाळेच्या गणवेशावरच्या बिल्ल्यासारखं दिसतं. गडद बाहेरच्या रेघेला, मधला वळणांना, फिकट आत, तोही अर्धवट भरून.

टाके कुठे कुठले

आता बिदरचा मिनार. आपल्या भागातला धागे मोजून घालायचा कशिदा (कन्नडमध्ये कसुती) ज्यांना येतो त्यांनी तो मिनार पाहिला की हात शिवशिवायला हवेत. कशिद्याचे चार टाके: गवंती, मुर्गी, नेगी, मेंथी. त्यातला मुर्गी म्हणजे धावदोऱ्याने पायऱ्या-पायऱ्यांनी जाणारी आणि परत येताना मोकळ्या जागा भरणारी मोडती रेघ. मिनारावरच्या मोडत्या पट्ट्या हाच टाका चुना-कौलात मांडल्यासारख्या आहेत. टोपीची उभी पट्टी सरळ असते, कापडाचा ताणा-बाणा तिच्या लांबी-रुंदीशी समांतर असतो, त्यामुळे धागे मोजून टाका घालणं सोपं जातं.

इथेही आधी मोजायचं. समजा खादीला सेंटीमीटरला १६ धागे आहेत. ५८ सेंटीमीटरला ९२८ धागे. एका टाक्याखाली ४ धागे धरले तर २३२ टाके. मोडत्या रेघेचं एक वळण ८ टाक्यांचं ठेवलं तर बरोबर २९ वळणं बसतात आणि शिवणीवर टोक टोकाला मिळतं. तुमच्या कापडाचे धागे वेगळे असतील. भिंग घेऊन मोजा आणि वळणाचे टाके एक-दोनने कमीजास्त करा. भागाकार सुटत नसेल तर घेर अर्धा सेंटीमीटर वाढवा. डोक्याला कळत नाही, डोळ्याला शिवण कळते.

काठावर मात्र कशिदा घालू नका. काठ गोल फिरतो, कापडाचे धागे फिरत नाहीत; मोजून घातलेला टाका कपाळावर सरळ आणि कानाजवळ तिरपा येतो. काठाच्या फाकांना साखळी टाका आणि उलटी टीप घ्या, त्या कुठेही वळतात. जपानी फरशीची उठलेली रेघ हवी असेल तर जाड सुती दोरा नक्षीवर ठेवून बारीक दोऱ्याने अर्ध्या-अर्ध्या सेंटीमीटरवर टाचत जा.

गवंतीला आणि मुर्गीला अजून एक जागा आहे. हे दोन टाके नीट घातले तर उलट-सुलट सारखे दिसतात. टोपीला मागे दोन फिती सोडायच्या, फेट्याच्या शेमल्यासारख्या. आषाढात आपल्याकडे वारा असा सुटतो की फीत सरळ राहतच नाही, सतत पालटते. मागची बाजूही समोरच्याइतकीच देखणी असेल असं काम तिथेच हवं. बिनअस्तराची खादीची फीत, टोकाला चार बोटं गवंती.

सगळं भरतकाम कापडाचा तुकडा अख्खा असताना, रिंगमध्ये ताणून करायचं. काठाची रेघ कच्च्या टाक्याने आखून घ्या, पण कापू नका. भरल्यावर कापड आकसतं. आधी कापलेला काठ भरून झाला की आत घालायच्या कडक बकरमपेक्षा अर्धा सेंटीमीटर लहान निघतो, आणि मग ओढाताण.

बांधणी

बकरम घ्या, पडद्यांना लागतो तो चालेल, पण दोन थर. वरचा थर खालच्याशी तिरपा ठेवून चिकटवा, म्हणजे काठ कुठल्याही बाजूने दुमडत नाही. काठाच्या बाहेरच्या कडेला साधारण १ मिलीमीटर जाडीची जस्ताचा मुलामा दिलेली तार लावा. आधी तारेला सुती पट्टी गुंडाळा. टोकं ५ सेंटीमीटर एकावर एक ठेवून दोऱ्याने आवळा आणि तार घोंगडीच्या काठासारख्या टाक्यांनी बकरमला शिवा. ही तार म्हणजे तुमच्या भांड्याचा काठ. ती वाकडी असेल तर वरची नक्षी कितीही सुंदर असो, टोपी पोचा आलेल्या पातेल्यासारखी दिसते.

मग वरचं भरलेलं कापड, खालचं साधं कापड, मध्ये बकरम. कडेला ३ सेंटीमीटरची उरेब पट्टी. बशीच्या काठाला शेवटी एक निळी रेघ ओढलेली असते ना, तीच ही पट्टी. तिचा रंग गडद निळा. सोनेरी गोट लावायचा मोह होतो. आवरा. सोनेरी पट्टीचा चहाचा संच टोपीवर चढवायचा असेल तर तो सबंध वेगळा बेत आहे.

उभ्या पट्टीला एक थर बकरम पुरतो. झाकण जोडा, काठाच्या पाकळ्या पट्टीच्या आत वळवून हाताने शिवा, अस्तर टाका आणि कपाळाला टेकते तिथे आडव्या कंगोऱ्यांची सुती फीत लावा. ती फीत लावण्याआधी पाण्यात भिजवून इस्त्रीने थोडी गोलाईत आणायची. घाम तीच पिते आणि मापही तीच धरून ठेवते.

काठाच्या खालच्या बाजूला काय करायचं? बशीची खालची बाजू आठवा: बहुतेक कोरी, मध्ये कारखान्याची छोटी खूण. काठाखाली फिकट निळा साधा कपडा लावला तर चेहऱ्यावर थंड सावली पडते. पिवळट लावला तर रंग उजळतो. आत, मागच्या बाजूला, आपलं आद्याक्षर निळ्या दोऱ्याने घाला.

आणि पाऊस

माझी दुसरी टोपीही गेली, ती पावसाने. आजी साड्यांना घालायची तशी मैद्याची खळ मी बकरमला दिली होती. मे महिन्यात टोपी खणखणीत वाजायची. जुलैत कपाट उघडलं तर क्राकच्या सगळ्या फाकांवर हिरवट-काळी बुरशी, आणि एका कडेला झुरळांनी फराळ केलेला. बेळगावात हे होतं, खानापूरच्या बाजूला तर त्याहून लवकर.

म्हणून खळ नको. फर्निचरला पॉलिश करणाऱ्यांकडे चपडा लाख मिळते. १०० मिलीलीटर स्पिरिटला १५ ते २० ग्रॅम, काचेच्या बरणीत झाकण लावून रात्रभर ठेवा, अधूनमधून हलवा. खिडक्या उघड्या ठेवून, गॅस आणि देवाजवळचा दिवा बंद ठेवून, फक्त बकरमला ब्रशने दोन पातळ हात द्या. पांढऱ्या कापडाला लावू नका, पिवळं पडतं. पूर्ण वाळल्यावरच कापड चढवा. टोपी भिजली तर सरळ ठेवून वाळवा. तार शिवताना सुई जोरात घासून जस्त खरवडलं असेल तर तिथे गंजाचा डाग येतो आणि तो निघत नाही.

स्कूटरवर ही टोपी घालू नका, तिथे हेल्मेटच. पायी फिरताना वाऱ्यासाठी आतल्या फितीला बारीक इलॅस्टिक लावा. ते हनुवटीखाली नको, मागे केसांखालून घ्यायचं.

किंमत लावताना भरतकामाचे दिवस मोजा. नुसता काठ भरायला मला पहिल्यांदा १९ दिवस लागले, रोज दुपारी दोन तास. गिऱ्हाईक “एवढ्याला दोन साड्या येतील” म्हणतंच. भरलेला काठ परवडत नसेल त्यांना साध्या काठाची, फक्त उभ्या पट्टीवर मुर्गी घातलेली टोपी दाखवा. माझ्याकडे तीच जास्त जाते.

टोपी ठेवताना काठावर टेकवून ठेवू नका, उतार मोडतो. पालथ्या वाडग्यावर किंवा उंच बरणीवर कापड घालून त्यावर ठेवा, काठ सगळीकडून अधांतरी राहिला पाहिजे. माझ्या दोन टोप्या आत्तीच्या बरण्यांवर बसलेल्या असतात, आणि कैऱ्या आल्या की तिचा निपाणीहून फोन येतो, “बरण्या कधी परत देतीस?”